विसाचा आकडा आणि गुरुजी
बेला, रविवार, संध्याकाळ

टीव्हीवरच्या टेनिसपायी मी किती रविवार दुकान बंद ठेवलं, बायकोची किती बोलणी खाल्ली! पण खरी किंमत आज कळली. वर गावभर सांगत फिरतो की बेल्यात टेनिस मीच आणलं.

दुकान आणि शेजारची चहाटपरी यांच्या मध्ये नुसता पत्रा आहे, आणि माझे कान तिखट. वाघमारे गुरुजी नव्या मास्तराला सांगत होते, "आपण तर पैल्यापासून सर्बियावाल्याचेच, सर. शेटजीले वाईट वाटू नये म्हून स्विसवाल्यासाठी टाळ्या वाजवून राह्यलो."

म्हणजे? याच गुरुजींनी आमच्या स्विसवाल्याच्या ग्रँड स्लॅम विजेतेपदांचा आकडा, वीस, माझ्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिला. त्याचा तो विक्रम मोडला, तेव्हा "दुसऱ्याचा आकडा या दारावर येनार नाई," असं म्हणाले तेही गुरुजीच. सर्बियावाला चोविसांवर गेला, तरी दारावर वीसच. दिवाळीच्या रंगातही तेवढी जागा मी सोडायला लावली.

मग चहाचा ग्लास घेऊन ते नेहमीसारखे आत आले. "काऊन शेटजी, आज गपगप?"

"डोकं दुखून राह्यलं, गुरुजी."

भांडलो का नाही? सर्बियावाल्याचे असते तर असते, मी काय हाकलून दिलं असतं? पण इतकी वर्षं शेजारी बसून खोट्या टाळ्या? ते गेल्यावर ओलं फडकं घेऊन दाराशी उभा राहिलो. वीस पुसवेना.

टेनिसमध्ये गुण पंधरा, तीस, आणि मग एकदम चाळीसच काऊन, हे पहिल्या मॅचच्या दिवशी मला गुरुजींनीच समजावलं होतं.