विमानाच्या दारात

चि. छकुलीस आशीर्वाद.

त्या दिवशी विमानात धूर झाला, तेव्हा बाबांनी आधी बाकीच्यांना उतरू दिलं, असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. बाळा, तसं नव्हतं. "सामान सोडा, उड्या मारा" असा ओरडा झाला, आणि तुझी आई चष्मा मुठीत धरून घसरपट्टीवरून खाली गेलीसुद्धा. माझे पाय मात्र दारातच गोठले. मागच्यांना मी "तुम्ही व्हा पुढे, तुम्ही व्हा पुढे" म्हणत राहिलो. खालून तुझी आई, रिक्षातून उतरवत असल्यासारखी, "अहो, या ना, लोक खोळंबलेत" म्हणत होती. शेवटी हवाईसुंदरीने माझी बोटं दारावरून सोडवली आणि मला ढकललं.

परवा तुझं ऑपरेशन. डॉक्टर खात्री देत नाहीत, हे आई बोलली नाही तरी मला कळतं. आज आम्ही दोघं तुझ्याकडे यायलाच निघालो होतो. विमानतळावरच्या रांगेत मी पुन्हा मागच्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणायला लागलो. आईने बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही घरी जा. ताप आलाय, असं सांगते मी तिला."

ती एकटीच गेली. मध्ये समुद्र आहे, मला दुसरा रस्ता नाही.

आई एकटीच दिसली, की आधी माझ्याबद्दल विचारशील. आई ताप सांगेल. "जपा म्हणावं त्यांना," असं तू म्हणशील. त्यापेक्षा तू माझ्यावर रागावलेलं परवडलं असतं. म्हणून हे लिहिलं, पण पेटीत टाकवत नाही.

तुझे,
बाबा