आईचं पांढरं पातळ

प्रिय बाळू,

इतक्या वर्षांत ना फोन, ना भेट, आणि आज अचानक आक्काचं अक्षर पाहून घाबरू नकोस. मंचरच्या डॉक्टरांनी मला घरी न्यायला सांगितलंय, यकृत पार गेलंय. अश्विनी अजून "आई, तू बरी होशील" म्हणते. पोरगी स्वतः नर्स आहे, पण आईपुढे सगळं शिकलेलं विसरते.

माझी तयारी मात्र जोरात चाललीय. मला पुरायची पेटी इथल्याच भिका सुताराला सांगितली. माप घ्यायला आला तेव्हा बिचारा लाजला, मग म्हणाला, "आक्का, तुमी लई बारीक झाल्या, लाकूड कमीच लागंल." पोट दुखेपर्यंत हसले मी. पुरताना कोणतं गीत म्हणायचं तेही सांगून ठेवलंय, आणि रडका सूर लावलात तर उठून बसेन असा दमही दिलाय. मरणाची भीती नाही रे वाटत. प्रभूकडे जायचंय, परक्याच्या घरी नाही.

नेसायला आईचं पांढरं पातळ आहे. आई, तू, मी, आपण तिघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशीचं. राजुरीच्या घरात ट्रंकेत जपलं होतं तिनं. हेच नेसवून मला विहिरीजवळच्या चिंचेखाली मातीत ठेव, असं तिनं तुझ्याकडून वचन घेतलं होतं. आणि तू काय केलंस? तुझ्या मोहिनीचं लग्न जमत होतं, भावकी काय म्हणेल, म्हणून तिला अग्नी दिलास. मला कळवलंस तेही चिता पेटल्यावर. एसटीतून उतरून मी धावत आले तेव्हा तोंड बघायलाही काही उरलं नव्हतं. दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघत उभा होतास म्हणे, बाप्तिस्मा घेतलेला माणूस! मी आले त्या दिवशी ट्रंकेतल्या पातळाची घडीसुद्धा मोडली नव्हती. मी ते उचललं आणि तुझ्या घरचं पाणीही न पिता निघाले.

राखेतूनही प्रभू उठवतो, हे मला ठाऊक आहे. आईचं तिकडे काही अडलेलं नसणार. पण तू तिला शब्द दिला होतास, आणि त्या शब्दावर तिनं निवांत डोळे मिटले. ते मला आजही सहन होत नाही.

मागच्या रविवारी चर्चचे पाळक प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घेऊन घरी आले. भाकर हातात घेतली आणि नेमका तू आठवलास. मनात भावाबद्दल अढी ठेवून ती तोंडात घालायची नाही, हे बाप्तिस्म्याआधी आपल्या दोघांना शिकवलं होतं. मी ती परत ताटलीत ठेवली. अश्विनी रडली. मग "तुला माफ केलं" एवढंच लिहायला हे पत्र घेतलं, आणि बघ, पान भरलं तरी तेवढं लिहून होत नाही. मरायला टेकले तरी मला खोटं लिहिता येईना. तेव्हा तूच ये. या रविवारी पाळक पुन्हा येणार आहेत. आधी मला तुला तोंडावर मनसोक्त बोलून घेऊ दे, तू खाली मान घालून ऐक, मग दोघं मिळून भाकर घेऊ. तुझ्याशिवाय ती मला घेता यायची नाही. आणि तिकडे आई भेटली की माझी नाही, आधी तुझीच चौकशी करील, लाडका तू तिचा. तिला काय सांगू, ते येऊन सांग.

अजून तुझीच,
आक्का