काकांचं स्टेशन, जर्मन खोक्यातून

नुंगंबाक्कम, चेन्नई
४ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप माधवरावकाकांच्या चरणी पुतण्या कुशलचा नमस्कार.

तुमचे गुडघे आणि काकूंचा रक्तदाब दोन्ही आटोक्यात असावेत. (इथे उकाडा सोडून सगळं आटोक्यात आहे.) तुमचं पाडलेलं स्टेशन छोट्या प्रतिकृतीत उभं करून पंच्याहत्तरीला आणीन, असं मी आपल्या सावनीच्या लग्नात चारचौघांत बोलून बसलो. आता महिना उरला, म्हणून हकिकत कळवतो.

ओरगडमच्या कारखान्यातला मित्र विजयेंद्र जर्मनीहून स्टेशनचा संच घेऊन आला. दोनशे अकरा तुकडे जोडल्यावर निघालं काय, तर बर्फासाठी उतरतं छप्पर, धुराडं आणि खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या. तुमच्यासारख्या मीटरगेजच्या स्टेशनमास्तरांना हे शोभेना. धुराडं कापलं, कुंड्या उपटल्या, छपराचा उतार कानशीने कमी केला (माझं बोटही थोडं कमी झालं). फलाटावरच्या गोऱ्या बाईला रंगाने साडी नेसवली. रंगाचे चार हात बसल्यावर ती पोटुशी दिसू लागली, पण स्टेशनवर अशाही बाया असतातच. मग खरेपणासाठी चहाच्या पाण्याचा गंज, निरांजनाची काजळी आणि कात कालवून कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या. यात तीन रविवार गेले. विजयेंद्र म्हणाला, आता नाकाला रुमाल लावावासा वाटतो. मी कृतार्थ झालो.

गेल्या रविवारी आयुधपूजा झाली. त्या दिवशी इथली माणसं रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळं धुऊन त्याला चंदन-कुंकू लावतात. घरमालकीण राजसबाई (तंजावरच्या मराठी) यांच्याकडे माझ्या खोलीची किल्ली असते. मी कारखान्याच्या पूजेला गेलो, तेवढ्यात त्यांनी स्टेशन शिकेकाईने घासलं. आलो तर भिंती लख्ख, छपरावर चंदनाचे ठिपके, दारात लिंबू. म्हणाल्या, "अस्के पुसून ठेवलें, कण्णा. पूजेला घाण ठेवूं नये." (अस्के म्हणजे सगळं, कण्णा म्हणजे बाळा.) संताप आला होता, पण त्यांनी पुढ्यात सुंडल ठेवलं, आणि तोंडात हरभरे असताना भांडता येत नाही.

तरी चिंता नसावी. गंज पुन्हा चढवतो. काकूंना नमस्कार.

आपला,
कुशल

ता.क. काम जवळजवळ संपलंय. किरकोळ माहिती हवी: तिकीटखिडकी दाराच्या डावीकडे की उजवीकडे? छप्पर कौलारू की पत्र्याचं? फलाट किती लांब?

पुनश्च: काका, खरं सांगतो. तुम्ही दर सुट्टीत बोलवायचात आणि मी एकदाही आलो नाही. तुमचं स्टेशन मी पाहिलेलंच नाही. याची लाज वाटते, म्हणून इतक्या खाली लिहिलं. पेन्सिलीने साधा नकाशा काढून पाठवा. डावं-उजवं चुकलं तरी चालेल. गाडी येताना तुम्ही कुठे उभे राहायचात, तेवढं मात्र नक्की दाखवा.