अडकलेला काटा

अहो,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात, पिठलं गरम करून घ्या. तृप्तीला शाळेत सोडा. मी पहिल्या बसनं जालन्याला, संपतला दवाखान्यात भेटायला चालले.

परवा सकाळी तुम्ही तो चालवतो त्या काळीपिवळी जीपच्या टायरात हवा भरत होता, तेव्हा मी आपल्या पंक्चरच्या दुकानात चहा घेऊन उभी होते. हवा मोजायच्या मीटरचा काटा महिनाभर अडकलेला. तुम्ही टायरावर हात मारून अंदाज घेतला आणि अजून भरली. गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता, उन्हाळ्यात हवा बेतानं भरा, दुपारी डांबर तापलं की आतली हवा बी तापती, टायर काही मोठं होत न्हाई, मंग दाब चढतो. तुळशीला पाणी घालेपर्यंत माझं मौन असतं, म्हणून मी हातानं 'बस' म्हटलं. तुम्ही हसलात. "मुकी बाई मला धंदा शिकवून राह्यली," म्हणालात.

दुपारी वाटूरच्या पुढं टायर फुटलं, गाडी उलटली. संपतचा पाय गुडघ्यापासून काढला. आणि काल गाडीच्या मालकाला तुम्ही सांगितलं, पोरगा लई जोरात हाकत होता. मी आत दिवा लावत होते, बराबर ऐकलं.

त्या सकाळी एक शब्द बोलले असते, तर माझा नेम तेवढा मोडला असता.

आज मौन धरलेलं न्हाई. तुळशीला पाणी तुम्हीच घाला. मालक दहाला दवाखान्यात येणार आहे. दुकानात मीटर शोधू नका, ते माझ्या पिशवीत आहे.

मीना