शेंदराचं बटण

८ सप्टेंबर १९८८

आज उलगडा झाला — आमचे मालक व्यंकटराव, त्यांनी मला कोर्टात भांडायला नोकरीवर ठेवलंय! आणि नेमकं तेच मला करता येत नाही. पगारी नोकरी धरली म्हणून वकिलीची सनद परत करून बसलेय मी. रुजू होतानाच सांगितलं होतं. आज म्हणतात, "मला वाटलं, कोट धुवायला टाकलाय."

कंपनीचा वकील, आणि कोर्टात उभं राहायचं नाही! मग करायचं काय? आमची कंपनी विहिरीवरच्या मोटारीला लावायची इलेक्ट्रॉनिक पेटी बनवते. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. अख्ख्या परभणीत याहून हुशार वस्तू नाही, असं आमच्या मालकांचं मत. इतक्या हुशार वस्तूला वकील कशाला, हे मात्र त्यांचं अजून ठरलेलं नाही.

१२ सप्टेंबर

अनंतराव भेटले, कोर्टासमोर. ज्यांच्या हाताखाली वकिली शिकले ते. "काय पद्मजाबाई, कायदा सोडून खिळे मोजायलाव म्हणे?" मी हसले. घरी येऊन राग आला.

२६ सप्टेंबर

काम आलं! नोटीस — चुडाव्याच्या चंद्रभान नावाच्या शेतकऱ्याची. लाइट नव्हती म्हणून मोटारीच्या पट्ट्यात अडकलेला पाला काढत होता. तेवढ्यात लाइट आली, आमच्या पेटीनं मोटार सुरू केली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

व्यंकटराव शांत. "मधलं लाल बटन एकदा दाबलं की पेटी बंद राहती. माहितीपुस्तकात लिहिलंय. त्यानं दाबलं न्हाई. तसं लिहा."

लिहिलं. आणि खरं सांगायचं तर जबाब झकास जमला! कोर्टात गेलं तर कंपनीतर्फे अनंतरावांनीच उभं राहायचं आहे. त्यांना बोलायलासुद्धा काही उरणार नाही.

३ ऑक्टोबर

जबाब पाठवण्याआधी पेटी एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून चुडाव्याला जाऊन आले. समोरच्या वकिलाला विचारूनच गेले.

चंद्रभान बाजेवर बसून होता, हात टॉवेलाखाली. बोलला नाही फारसा. त्याची बायको, बायनाबाई, विहिरीवर घेऊन गेली. पेटी उघडली — आणि लाल बटण कुठंय? त्यावर शेंदराचा हा जाड थर! वर वाळलेलं झेंडूचं फूल.

"हे दाबत नव्हता का तुम्ही?"

"अवं ताई, देवाला कुनी बोट दाबतं का? पेटी बसवली तवाच नारळ फोडून शेंदूर लावलाय."

गोल, लाल, बरोब्बर मधोमध. शेंदूर दुसरीकडं लावणार तरी कुठं! शेजारच्या विहिरींवरही तेच. परतीच्या गाडीत एकटीच हसत होते. मग तो टॉवेलाखालचा हात आठवला. लाज वाटली.

५ ऑक्टोबर

व्यंकटरावांना म्हटलं, बटण बदला — रंग, आकार, जागा, सगळंच. विकलेल्या पेट्यांचंसुद्धा.

"तुमी कायद्याचं बघा. बटनाचं आमी बघताव."

"बटणाचंच तर भांडण आहे, साहेब."

"शेंदूर फासा म्हणून आमी सांगितलं का?"

कायद्यानं अगदी बरोबर! मग मी म्हटलं, निदान हा जबाब पाठवू नका. तर म्हणाले, "पद्मजाबाई, तुमी पगार कुनाचा घेताव?"

भांडून बाहेर पडावं तर हातात सनदही नाही. भीती वाटते, हे इथं तरी लिहायला हरकत नाही. जबाब त्यांच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे.

१९ ऑक्टोबर

खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा. व्यंकटरावांच्या सौभाग्यवती प्रभावतीबाई ताट घेऊन प्रत्येक यंत्रापुढं उभ्या. तपासणीच्या टेबलावर आमची पेटी मोटारीला जोडून चालू होती. त्यांनी हळद वाहिली, कुंकवाचं बोट बुडवलं आणि टेकवलं — कुठं? लाल बटणावर! वर फूलही ठेवलं. आईशप्पथ, मी काही सांगितलं नव्हतं.

मी एवढंच म्हणाले, "साहेब, आवाज होतोय. पेटी बंद करता का जरा?"

व्यंकटरावांनी बोट पुढं केलं. थांबले. बायकोकडं बघितलं. मग टेबलाला वळसा घालून गेले आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

फिटर हसले. तेही हसायला लागले, आणि मधेच थांबले. मी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसले. पेढा मात्र दोनदा घेतला.

२१ ऑक्टोबर

माझा झकास जबाब व्यंकटरावांनी सही न करताच परत आणून दिला. "हे नगं. चूक आमची हाय असं लिहिलं तर?"

"कोर्टात आपण हरू. कंपनी बुडेलसुद्धा."

"ते कळतंय मला. म्हनूनच आधी तुमाला विचारायलोय. लिहावं का नको?"

लिहू या, मी म्हणाले. आणि लिहायला बसले.