सात खिळे

२ मार्च
वाळूत त्याची टाच दिसली!

पहाटेची फेरी संपवून परतत होते. समुद्र शांत, वाऱ्याला जरा ऊब आलेली, बांधावरच्या झाडांना कोवळी पालवी. घर सोडून वर्ष झालं, आज पहिल्यांदाच गुणगुणत होते. आणि माझ्या जातानाच्या पावलांमागे, ओल्या वाळूत, पुरुषाच्या बुटाची टाच. त्यात सात ठिपके, सहावा किंचित आत. टाच ठोकायची ही पद्धत बाबांची, त्यांच्यामागे फक्त माझ्या हाताची. आणि असे फुगीर पितळी खिळे मी एकाच जोडीला ठोकलेत — नवऱ्याच्या. त्याच बुटानं त्यानं माझी बरगडी मोडली.

मागे कुणी नव्हतं. खुणा बांधाच्या पायऱ्यांकडे वळलेल्या. धावत घरी आले.

३ मार्च
फिरायला गेले नाही. दुकानाचं शटर अर्धंच उघडलं. गिऱ्हाईक आलं की नजर आधी बुटांवर — धंद्याची सवयच, पण आज जीव मुठीत धरून. शेजारची शिंपीण म्हणाली, "अगं, कधीतरी चेहरेही बघत जा की माणसांचे!" मला हसूही आलं नाही.

ताईला तिच्या हॉस्पिटलात फोन केला. पत्ता कुणाला दिलास? ती चाचरली. "त्याला नाही गं, शपथ!" मग वॉर्डात बोलावलंय म्हणून घाईनं ठेवून दिला. खुणांचं सांगितलंच नाही. वेडी म्हणाली असती.

४ मार्च
राहवलं नाही, गेले. चांगलं उजाडल्यावर, पिशवीत हातोडी घालून! वळून बघायची हिंमत मात्र झाली नाही. परतताना बघते तर पुन्हा तीच टाच. मी शिंपला उचलायला थांबले होते, तिथे तोही थांबलेला. पावलं मात्र जवळजवळ, उजवा पाय ओढलेला. एवढ्या ढांगा टाकणारा माणूस असा कसा चालेल? दबकत येत असणार. मला खेळवतोय. दुकानात एक सोल वाकडा शिवला.

५ मार्च
बॅग भरली. हत्यारं आणि दोन साड्या. उद्या पहिल्या बसनं निघायचं. कुठे, ते ठरलेलं नाही.

६ मार्च
दार उघडलं तर पायरीवर तेच बूट! किंचाळलेच. मग वर बघितलं — सासरे. पार वाळलेले, हातात काठी.

"मोठे होतात गं मला, आत कागद कोंबलाय. दोनदा तुझ्या मागे चाललो, पोरी. हाक मारायचा धीर होईना. तुझ्या ताईला म्हटलं होतं, मीच सांगेन."

काय सांगायचंय?

"गेला तो. महिना झाला." आणि पायरीवरच बसून रडायला लागले.

माझ्या मनात पहिलं काय आलं? सुटले! बापासमोर, त्याच्या मुलाबद्दल. लाजेनं मान खाली घातली, तर त्यांनी लांबवलेल्या उजव्या पायाच्या टाचेत, समोर सात खिळे.