मिशीचं कडवं

॥ श्री ॥
साक्री,
दि. ८ जानेवारी २०२५

चि. सौ. दिपमाला हीस नवलचे अ. आ.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. पण मी फोन उचलला की आई तव्यावरची भाकरी सोडून शेजारी येऊन बसते, आणि आजचा विषय तिच्याच पाठीमागे बोलायचा आहे.

धुळ्याची हेमांगी नावाची मुलगी अहिराणीत पहिला सिनेमा करते आहे. मी तिच्याकडे चार दिवस वायरी गुंडाळायला जात होतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला सिनेमात सध्या तेवढीच जागा मिळते. तर सिनेमात एक लग्न आहे, आणि त्यात बाया व्याह्याला शिव्यांची गाणी म्हणतात. हेमांगीला त्यासाठी शिकलेला गळा नको, खरी मांडवात गाणारी बाई हवी आहे. मी लगेच आईचं नाव सांगून मोकळा झालो. २६ तारखेला धुळ्याला आवाज ऐकणार आहेत.

आईला सांगितलं तर म्हणाली, मी गाणं सोडलं. का सोडलं ते तुला माहीतच आहे. तुझ्या लग्नात तिने तुझ्या सासऱ्यांवर कडवं रचलं होतं,

मोतीलाल याहीनी ऐट शे भारी,
मिशीनं काजय गयी ऱ्हायनं दारी.

आबांनी त्या दिवशी मिशीला कलप लावला होता, वर एप्रिलचं ऊन, आणि तो खरोखरच ओघळत होता. सगळा मांडव हसला. आबा मानाची टॉवेल-टोपी न घेता उठून गेले, ते दोन वर्षांत आपल्या उंबऱ्यावर फिरकले नाहीत. तेव्हापासून आईने कोणाच्याही मांडवात तोंड उघडलं नाही. तिच्या जिभेने लेकीच्या सासरी अढी पडली, असं तिने मनाला लावून घेतलंय. नाना समजावून थकले. परवा गल्लीत हळद होती, बाया गात होत्या आणि ही मागे बसून मुकाट बटाटे सोलत होती. मला ते बघवलं नाही गं. तू एक पत्र लिही तिला, तुझं ऐकेल.

छकुलीला गालगुच्चा. लोभ तर आहेच, या कामापुरता थोडा जास्त कर.

तुझा,
नवलभाऊ

॥ श्री ॥
जामनेर,
दि. १४ जानेवारी २०२५

ती. आईस सौ. दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत पुडीत तीळगूळ आहे, तो खा आणि मग पुढचं वाच. नवलभाऊने मला सगळं कळवलंय. त्याच्यावर डोळे वटारू नकोस.

आई, इथे मला कोणी कधी टाकून बोललं नाही. भरीत करायचं असलं की आबा स्वतः काड्या गोळा करून मला वांगी भाजायला जाळ करून देतात. त्यांचा रुसवा तुझ्यावर आहे, आणि तू दोन वर्षं गप्प राहिलीस म्हणून तो काही कमी झालेला नाही. मग निदान गाऊन तरी बघ. मी दिवाळीला आले होते तेव्हा तू छकुलीला नुसतं थोपटून झोपवलंस, एक ओळ गुणगुणली नाहीस. ते मला फार लागलं. माझ्या लेकीला आजीचं गाणं नको का?

नानांना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे, आणि धुळ्याला जा.

तुझी,
दिपा

॥ श्री ॥
साक्री,
दि. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. दिपमाला हीस अ. आ.

तुझ्या तीळगुळाने काम केलं, पण पुढे मी माती खाल्ली.

आई धुळ्याला आली. ठेवणीतलं लुगडं नेसून माइकसमोर उभी राहिली आणि तिने हेमांगीलाच विचारलं, याही कोन शे? हेमांगी म्हणाली की कोणी नाही, समोर आहे असं समजायचं. आईला ते काही पटेना. समोर माणूसच नाही तर शिवी द्यायची कोणाला, असं तिचं म्हणणं. नाव नाही, गाव नाही, त्याचं नाक कसं, चाल कशी हे दिसत नाही, तर कडवं सुचणार कुठून?

तेव्हा मला अक्कल सुचली. पितांबरमामा आमच्याबरोबर आला होता. त्याला फेटा बांधला, खुर्चीवर बसवला आणि आईला म्हटलं, हा घे तुझा व्याही. मामाही गडी असा ऐटीत बसला की विचारू नकोस. आईने त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि पदर तोंडावर घेऊन खालीच बसली. दिपा, मामा तिच्या माहेरचा, तिच्याकडून राखी बांधून घेणारा. भावाला व्याही करून त्याच्यावर असलं गाणं म्हणायचं! मी इतकी लग्नं शूट केली आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हेमांगी मात्र खूष. म्हणाली, रिकाम्या खुर्चीला गात नाही अशीच बाई मला हवी. जळगावला १६ फेब्रुवारीला खान्देशी सिनेमा-संगीताचा मेळावा आहे. तिथे आईने स्टेजवर गायचं, पण खरा व्याही घेऊन यायचं. तेव्हाही नाही जमलं तर ती दुसरी बाई घेणार. आता आपल्याकडे खरा व्याही एकच आहे आणि तो तुझ्या ओट्यावर पेपर वाचत बसतो. त्यांना विचारायची माझी छाती नाही. काय करू ते कळव.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर दे.

तुझा शहाणा भाऊ,
नवल

॥ श्री ॥
जामनेर,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. नवलभाऊस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सासूबाईंना ओट्यावर वाचून दाखवत होते. आबा पलीकडे खाटेवर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मला वाटलं, डोळा लागलाय. पितांबरमामाला फेटा बांधला तिथपर्यंत आले आणि पेपर खाली आला. कोण हा पितांबर, म्हणाले.

मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. मग त्यांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! लग्न त्यांच्या पोराचं, मिशी त्यांची, शिव्या त्यांच्या, आणि खुर्चीत बसायला पितांबर? दोन वर्षं ते रुसले होते हे खरं, पण रुसला म्हणून माणूस व्याही राहत नाही का, की जागा रिकामी झाली म्हणून कोणालाही बसवायचं? सासूबाईंना हसू आवरेना, त्या लोणच्याची बरणी घेऊन आत निघून गेल्या. मी तिथेच उभी. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

सकाळी आबांनी मला विचारलं, मेळावा कितीला सुरू होतो. दुपारी फेटा कडक इस्त्रीला गेला. कालची गोष्ट तर ऐक, त्यांनी स्वतः जाऊन कलपाची बाटली आणली. सासूबाई म्हणाल्या, आता तरी तो लावू नका. तर म्हणाले, मग विहीणबाई गातील कशावर?

छकुलीला सर्दी आहे, मी येत नाही. आईला आधी काही सांगू नकोस, नाहीतर घरीच बसेल. त्यांनी तेव्हा न घेतलेली टॉवेल-टोपी मात्र बरोबर घे.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, मला सगळं सविस्तर लिही.

तुझी,
दिपा

॥ श्री ॥
साक्री,
दि. २ मार्च २०२५

चि. सौ. दिपमाला हीस आईचे अ. आ.

अक्षर नवलचं, बोलणं माझं. तो मधेमधे पुस्तकी करतो, ते तू काढून वाच.

बाई, व्याह्याचं मी बघतो असं नवल म्हणाला म्हणून जळगावला मी स्टेजवर गेले आणि पहिल्याच रांगेत तुझे सासरे. फेटा, पायावर पाय, तोंड दुसरीकडे. वाटलं, आता पुन्हा काही गायले तर लेकीचं माहेर कायमचं तुटेल. मी आपली सुरुवातीला देवाधर्माचं म्हणायला लागले, मिशीला हातच लावला नाही. तर ते खाकरले. सगळ्यांना ऐकू जाईल असे खाकरले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी मिशीवर ताव दिला. बोटाला काळं लागलं ते मला वरून दिसलं.

मग मला कोण थांबवणार? दोन वर्षांचं साचलेलं, होतं नव्हतं ते बठ्ठं बाहेर निघालं. जुनं कडवं झालं आणि नवंही तिथल्या तिथे जुळलं,

दोन वरीस रुसना याही मना,
बिगर बलावाना जयगावले उना.

बिनबोलावता जळगावला आला म्हटल्याबरोबर लोक हसत खुर्च्यांवरून उठले. आबा हसले नाहीत हो, पण फेटा हलत होता. मग मी खाली उतरून नवलने आणलेली टॉवेल-टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी फेटा काढून सगळ्यांसमोर टोपी घातली. मी रडले, लपवत नाही.

काल धुळ्याला रेकॉर्डिंग झालं. सिनेमातल्या व्याह्याचं नाव वेगळंच होतं, पण माझ्या तोंडून दरवेळी मोतीलालच निघे. हेमांगी वैतागली आणि शेवटी तिने सिनेमातल्या माणसाचंच नाव बदललं. आता मला एकच धास्ती. मेळाव्यात हजार माणसं होती, सिनेमा तर गावोगाव लागेल. आबांना हे तू गोडीने सांग. पुन्हा रुसले तर मी पुन्हा तोंड मिटेन, खरं सांगते.

पोरीला माझ्याकडे लवकर आण, मला तिला गाणं म्हणून दाखवायचंय. जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी,
आई

॥ श्री ॥
जामनेर,
दि. ९ मार्च २०२५

सौ. विहीणबाई बेबाबाई यांस मोतीलालचा स. न. वि. वि.

आपलं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. सिनेमात माझं नाव येणार यास माझी हरकत नाही. परंतु माझ्या नावाच्या त्या माणसाला मिशी आहे की नाही, याची चौकशी करून कळवावे. नसल्यास लावायला सांगावे. टोपी डोक्याला नीट बसते.

मी दोन वर्षं आलो नाही, ते चुकलं. सुरुवातीला राग होता. पुढे राग गेला, पण यावं कसं ते कळेना. कोणी बोलावेना आणि आपण गाईनात. असो.

दुसरं, आमच्या धाकटीचं लग्न मे महिन्यात ठरलं आहे. मंडळी मुक्ताईनगरची. नवे व्याही रतिलाल म्हणून आहेत, गॉगल घालून पंगतीत बसतात. आपण आणि नानांनी आठ दिवस आधी यावे आणि आमच्या बाजूने गावे. गॉगलवर, पोटावर, चालीवर हवं ते रचावे, माइकची सोय मी करतो. ते रुसले तर मी समजावीन, त्यातला मला अनुभव आहे.

मात्र एक विनंती. रतिलाल यांनाही मिशी आहे, आणि ती माझ्यापेक्षा जाड आहे. मिशीचं कडवं माझं आहे. ते त्यांना देऊ नये.

बाकी लोभ वाढवावा, कडवं तेवढं राखून ठेवावे.

आपला खरा व्याही,
मोतीलाल